मुंग्यांची शनिवारची सुट्टी

अन्याय माझ्यावर झाला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, श्रावणाच्या तोंडावर तो सुरू झाला आणि मग दर शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास, नळाचं पाणी जायच्या आत, नेमाने होत राहिला. ठिकाण घणसोली, आमच्या सोसायटीचा चौथा मजला. कोणी केला ते नावासकट पुढे येईलच, लपवाछपवी मला जमत नाही. माझ्याबरोबर काळ्या मुंग्यांच्या एका अख्ख्या रांगेची बदनामी झाली. त्यांच्यात पत्रक काढणारं कोणी नाही, म्हणून त्यांच्याही वतीने मीच लिहितेय. तिशीला टेकलेल्या बाईने आठवणी लिहायला घेतल्या की लोक म्हणतात, एवढ्यात काय? मी म्हणते, चळवळीत असलेल्या माणसाचं वय मोर्चांवर मोजा. त्या हिशोबाने मी म्हातारी आहे.

पत्रक लिहायला मी आप्पांकडून शिकले. आप्पा म्हणजे माझे वडील. महाप्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि विहारातल्या जयंती मंडळाची पत्रकं लिहायचे. त्यांचा नियम असा, की पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला, दुसऱ्या ओळीत कोणी केला, आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं. मधे हवं ते लिही, मधलं कोणी वाचत नाही. या शाळेत मी सातवीपासून तयार झाले. त्यामुळे कॉलेजात जेव्हा शास्त्रीय निबंध लिहायची वेळ आली, तेव्हा माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात 'नागरिकहो!' अशी होती. आमच्या गाईड मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "प्रज्ञा, हे प्राणिशास्त्र आहे."

प्रोजेक्टचा विषय ठरवतानाही असंच झालं. वर्गातल्या मुलामुलींनी खाडीतले खेकडे घेतले, तिवरांतले मासे घेतले, कोणी फ्लेमिंगो घेतले. त्यांना होडी लागायची, दुर्बीण लागायची, चिखलात जायचे बूट लागायचे. मॅडमनी मला विचारलं, "तुझ्याकडे काय आहे?" मी खरं ते सांगितलं, "मुंग्या." मॅडमनी यादीतल्या माझ्या नावापुढे पेन टेकवलं. मग म्हणाल्या, "किती आहेत?" मी म्हटलं, "आईला विचारा, ती म्हणते ढिगाने." विषय मंजूर झाला. गुळाचं पाणी आणि साखरेचं पाणी समोर ठेवलं तर घरातल्या काळ्या मुंग्या आधी कुठे जातात, आणि जागा अदलाबदल केली तर त्यांना ते किती लवकर उमगतं, एवढाच प्रश्न. मॅडमना तो आवडला, कारण त्यात कॉलेजचा काही खर्च नव्हता. मला आवडला, कारण प्रयोगशाळा आमच्या ओट्यावरच होती.

आता ओट्याबद्दल सांगायला हवं, कारण तो माझा नव्हता. तो आईचा कारखाना होता. महाप्याच्या ऑफिसांतल्या पोरांना आई चपाती-भाजीचे डबे द्यायची. सकाळी सहापासून कणिक, कांदा, लसणीची फोडणी, सुक्या जवळ्याचा वास आणि तिचं एका सुरातलं बोलणं. मोठ्या वाटाघाटीनंतर खिडकीकडचा, पाण्याच्या फिल्टरशेजारचा एक कोपरा विज्ञानाला मिळाला. तिथे बाटल्यांची दोन झाकणं, एकात गूळपाणी, एकात साखरपाणी. पाणी मोजायला खोकल्याच्या औषधाचं माप. मुंग्या दाराच्या चौकटीतल्या फटीतून यायच्या, हॉलच्या भिंतीवरून फ्रीजमागे जायच्या आणि तिथून ओट्यावर. त्यांचा रस्ता भिंतीवर खूण करून ठेवायचा होता. पेन्सिलने लिहिलं तर आप्पा रागावले, रंग नवा होता. मग मी आईच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि वीतभर अंतराने भिंतीला टिकल्या लावल्या. दारापासून ओट्यापर्यंत मरून रंगाच्या टिकल्यांची रांग. खांदेश्वरची आत्या आली की त्या रांगेकडे बघून दरवेळी हात जोडायची, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं.

एक मुंगी दुसरीपासून ओळखू यावी म्हणून परदेशात म्हणे त्यांच्या पाठीवर खास रंगाचा थेंब देतात. मी आईच्या नेलपॉलिशचा दिला, दात कोरायच्या काडीने. काही मुंग्या लाल पाठीने झोकात फिरायला लागल्या. आईने त्या बघितल्या आणि लाटणं हातात तसंच ठेवून म्हणाली, "काय गो, माझ्या बोटांना लावायला येळ नाय, आणि ह्यांचं लगीन लागलंय काय?" त्याआधी तिने एकदा रागाने दारात मुंग्यांच्या खडूची रेघ मारून ठेवली होती. मी त्या रेघेवर ओला फडका फिरवला आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून घोषणा दिल्या. "हळू," आई म्हणाली, "आप्पा झोपलेत." शिफ्ट करून आलेले आप्पा सकाळी हॉलमध्ये झोपलेले असायचे, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं भांडण कुजबुजत व्हायचं. कुजबुजत दिलेल्या घोषणेने आजवर कुठलंही सरकार पडलेलं नाही, पण आईने खडू माळ्यावर टाकला.

मुंग्या मोजणं म्हणजे काय, हे ज्याने मोजल्या नाहीत त्याला सांगून कळणार नाही. त्या उभ्या राहत नाहीत. एक गेली का आली, ती मघाचीच की नवी, हे ठरवेपर्यंत चार पुढे जातात. तोंडाने आकडे पुटपुटत राहावं लागतं. आणि माझे आकडे सुरू झाले की आईचा कुकर सुरू व्हायचा. ती कणकेत हात घालून पाठमोरी उभी, शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे.

"किती झाल्या गो?"

"बेचाळीस."

"काय?" आई गर्रकन वळायची. "डाळीचं पिठलं झालं असंल!"

"मुंग्या गं आई!"

"शिट्ट्या किती?"

शिट्ट्या किती ते मला माहीत नसायचं, आणि आता मुंग्या किती तेही गेलेलं असायचं. मग पहिल्यापासून. तेवढ्यात बेल. दूध. परत बेल. कुरिअर, शेजारच्या बिल्डिंगचं. खालून घंटागाडी आली की कचऱ्याचा डबा घेऊन चार मजले धावायचं, कारण लिफ्ट 'थोड्या वेळात' सुरू होणार असायची. आप्पांचा जुना फोन मी कॅलेंडरच्या खिळ्याला रबरबँडने बांधून चित्रीकरणाला ठेवायचे. त्यावर नेमका त्यांच्या सुपरवायझरचा फोन यायचा, फोन थरथरायचा आणि सुळकन गूळपाण्यात. माझ्या संशोधनाच्या एका चित्रफितीत शेवटची चार मिनिटं फक्त तपकिरी अंधार आहे आणि गूळ ठिबकणारा फोन तसाच कानाला लावलेल्या आप्पांचा झोपेतला आवाज, "हॅलो साहेब, हॅलो, तुमचा आवाज बुडबुड येतोय."

या सगळ्या व्यत्ययांत एकच व्यत्यय मला आवडायचा. पाचव्या मजल्यावरच्या जगताप काकू. साताऱ्याकडच्या, बोलायला मोकळ्या, हाताला चव. त्यांचं भरलं वांगं आमच्याकडे यायचं, आईचा जवळा त्यांच्याकडे जायचा, अर्थात सोमवार-गुरुवार सोडून. मुंग्यांची चौकशी करणारं अख्ख्या सोसायटीत दुसरं कोणी नव्हतं. "काय गं पोरी, मुंग्या बऱ्या हायत न्हवं? खात्यात का नीट?" मला गहिवरून यायचं. मी आजही म्हणते, विज्ञानाला असा वाचक मिळायला भाग्य लागतं. शनिवारी तर त्या हमखास यायच्या, नाहून, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, दारातच उभ्या. मी म्हणायचे, "आज आल्याच नाहीत हो काकू." त्या म्हणायच्या, "आसं व्हय. दमल्या असतील." आणि समाधानाने वर जायच्या.

होय, शनिवारी मुंग्या येत नव्हत्या. पहिल्या शनिवारी मला वाटलं, माझंच काही चुकलं. दुसऱ्या शनिवारी वाटलं, आईने खडू परत काढला. तिसऱ्या शनिवारी मी माळ्यावर चढून खडू बघितला, त्यावर धूळ होती. नऊ वाजेपर्यंत नेहमीसारखी रांग असायची. नऊच्या पुढे रांग विरळ व्हायची, टिकल्या ओक्याबोक्या दिसायला लागायच्या, आणि अर्ध्या तासात ओट्यावर चिटपाखरू नाही. गूळपाणीही तसंच, साखरपाणीही तसंच. रविवारी सकाळी परत सगळ्या हजर, जणू काही झालंच नाही.

मी शास्त्राप्रमाणे एकेक कारण तपासलं. शनिवारी आई फिनाईलने लादी पुसायची. ते मी बंद करायला लावलं. आई म्हणाली, "तुझ्या विज्ञानाचा मला हा पयला फायदा." मुंग्या तरी आल्या नाहीत. कुकरच्या आवाजाने जात असतील म्हणून एका शनिवारी आईला कढईत डाळ शिजवायला लावली. दुपारचे डबे उशिरा गेले, महाप्याच्या पोरांचे फोन आले, मुंग्या आल्या नाहीत. मग उरलं काय? शनिवारी आमच्या घरात वेगळं असं एकच होतं, आप्पांची साप्ताहिक सुट्टी. ते हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांच्याकडे बघता बघता मला ते सुचलं. मुंग्या या कामगार. त्यांच्यातही आठवड्याची सुट्टी असेल तर?

तुम्ही हसाल. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझे सगळे शनिवार एकाखाली एक मांडले आणि खुर्चीत सरळ झाल्या. "सात दिवसांचं चक्र," त्या हळूच म्हणाल्या. "निसर्गात सात दिवसांचं चक्र कुठे असतं गं?" कंपन्यांच्या यंत्रांची थरथर जमिनीतून इथपर्यंत येत असेल, शनिवारी काही यंत्रं थांबत असतील आणि मुंग्यांना ते कळत असेल, असा एक तर्क आम्ही दोघींनी मिळून रचला. कॉलेजच्या परिषदेत मांडायला मॅडमनी माझं नाव दिलं. आमच्या खानदानात परिषदेत बोलणारी मी पहिली असणार होते. आप्पांनी त्या दिवशी डुलकी सोडून मला स्टेशनवरून जिलेबी आणली. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं, की ही सुट्टी खरी निघाली नाही तर मी कुठे तोंड लपवू, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण पत्रक लिहिणारी माणसं असे प्रश्न शेवटच्या ओळीनंतर विचारतात.

आणि पत्रक तर मी लिहिलंच होतं. 'मुंग्यांना सुट्टी, कंत्राटी कामगारांना का नाही?' हे शीर्षक. आजही मला त्यात काही चूक दिसत नाही, प्रश्न योग्यच आहे. झेरॉक्स काढून मी आणि माझ्या मैत्रिणींनी औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी ती वाटली. एका कामगाराने उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, "ताई, या मुंग्यांची युनियन कुठली?"

अशात दिवाळी जवळ आली आणि खाली नोटीस लागली. येत्या शनिवारी सकाळी संपूर्ण इमारतीत झुरळं, मुंग्या व इतर किडे यांच्या नाशासाठी औषध फवारणी, जिन्यांसह, सर्वांनी सहकार्य करावे. सही, सेक्रेटरी भोईर. परिषद त्यानंतर पंधरा दिवसांनी. त्याआधीचे शनिवार म्हणजे मला मिळणारा शेवटचा पुरावा, आणि पुरावा देणाऱ्यांनाच हे मारायला निघालेले. मी तशीच भोईरांकडे गेले. भोईर मूळचे तळवली गावचे, तिथलं घर ठेवून इथे राहायला आलेले, मनाने चांगले पण सेक्रेटरी. ते पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होते.

"भोईर काका, फवारणी थांबवा."

"का गो बाय? कोनाला दमा हाय का?"

"मुंग्यांवर माझं संशोधन चाललंय."

त्यांनी फडकं पिळलं. "मंग त्यांना घरात घेऊन ठेव. डब्यात. औषधवाला शनवारचा मोकला हाय, दिवालीच्या आधी दुसरा दिवस नाय त्याला."

"डब्यात ठेवल्या तर त्या सुट्टी कशी घेतील?"

भोईरांनी माझ्याकडे बघितलं, मग वर आमच्या खिडकीकडे बघितलं. "आप्पा बरे हायत ना तुजे?" असं विचारून ते परत स्कूटर पुसायला लागले.

हा अपमान होता. त्याच संध्याकाळी त्यांच्या नोटिशीशेजारी माझं पत्रक लागलं. 'रहिवासीहो! काळ्या मुंग्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? ज्या मुंग्या जगात प्रथमच शनिवारची सुट्टी घेताना आढळल्या, त्या आपल्या इमारतीत राहतात. मेंटेनन्स न भरता राहतात हे खरं, पण ते काही सभासदही करतात.' शेवटची ओळ आप्पांनी खोडायला सांगितली होती, मी खोडली नाही. तिने आग लागली. दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, भोईरांनी गच्चीवर मीटिंग बोलावली.

प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, कडेला वाळत घातलेल्या कोणाच्या तरी गोधड्या. आई आली, आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकू मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसल्या. मी आप्पांचा फोन उंच धरून सगळं सांगितलं. सोमवार ते शुक्रवार रांग, शनिवारी नऊनंतर रिकामी भिंत, रविवारी परत रांग. मी बोलले चांगलं, हे मी आजही सांगेन. जगभरच्या शास्त्रज्ञांना जे दिसलं नाही ते घणसोलीच्या ओट्यावर दिसलं, असं म्हटलं तेव्हा दोन जणांनी टाळ्याही वाजवल्या. त्यातला एक माझा बाप होता.

भोईर शांतपणे म्हणाले, "बाय, तुजं सगलं बरोबर. पन माज्या बायकोच्या अनारशाच्या पिठाला मुंग्या लागल्या, त्या शनवारी लागल्या. त्यांना कोनी सुट्टी सांगितली नव्हती का?" लोक हसले. "हात वर करा, फवारनी कोनाला पायजे?" हात वर व्हायला लागले. भराभर. मी मोजायला सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मुंग्या मोजणं सोपं होतं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू उभ्या राहिल्या होत्या. "मुंग्या मारू नगा," त्या म्हणाल्या. "निदान शनिवारी तरी नगा मारू."

मला वाटलं, धावून जाऊन त्यांच्या पाया पडावं. सबंध इमारतीत विज्ञानाच्या बाजूने उभी राहिलेली एकटी बाई! "बोला काकू," मी ओरडले, "निर्भयपणे बोला!"

काकूंनी माझ्याकडे फार केविलवाणं बघितलं. "माझा शेवटचा शनिवार ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या.

"कसला?" मी विचारलं.

"आता बोलले तर पुण्य जातंय. पर मुंग्याच मेल्या तर कुणाला घालू?" त्यांनी पदर सावरला. "आमच्या संतोषचं लगीन जमंना. गुरुजींनी सांगितलं, शनीचं हाय. श्रावणापास्नं धरलंय. दर शनिवारी, नाहून, मुंग्यांना साखर घालायची. तूप लावलेली कणिक भाजून त्यात साखर. गुपचूप घालायची, कुणाला बोलायचं न्हाई. म्हणून जिन्यात, खिडकीपाशी तुळशीच्या कुंडीमागं घालते. नऊला. पानी जायच्या आत."

मी मनातल्या मनात जिना चढले. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधला जिना. आमच्या दाराच्या चौकटीपासून अर्धा जिना वर. तूप लावून भाजलेली कणिक आणि साखर. आणि इथे मी बाटलीच्या झाकणात गूळपाणी घेऊन बसलेली!

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही दर शनिवारी माझ्या दारात येऊन विचारत होता. मी सांगत होते, आज मुंग्या आल्या नाहीत म्हणून."

"तुझ्या मुंग्या सैपाकघरातल्या न्हवं?" काकू म्हणाल्या. "माझ्या जिन्यातल्या. मला काय ठावं त्या एकच हायत?"

पहिली हसली ती माझी सख्खी आई. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, मग हात सोडून. तिच्यामागे सगळी गच्ची. आणि या गदारोळात भोईर काय करत होते? ते आपल्या वहीत फवारणीची तारीख खोडत होते. "वयनींचा नवस पुरा होऊन जाऊ दे," ते गंभीरपणे म्हणाले, "औषधवाल्याला मी दिवालीनंतर सांगतो. नवसाला आडवा कोन जाईल बाबा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी हात वर केले होते त्यांनी ते खाली घेतले, जसे काही कधी वर नव्हतेच.

हे मी विसरणार नाही आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. तीन महिन्यांची माझी मोजणी, चित्रफिती, पत्रक आणि भाषण, एवढं करून विज्ञानाला एक शनिवार मिळाला नाही. शनीला तो मागता क्षणी मिळाला. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात उपास, नवस आणि वार हे शब्द फक्त दुसऱ्यांबद्दल बोलताना येतात. शनिवारी कोणी मुंग्यांना जेवू घालत असेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. फिनाईल सुचलं, कुकर सुचला, महाप्याच्या यंत्रांची थरथर सुचली, वरच्या मजल्यावरचा शनी सुचला नाही.

खाली उतरताना मी आप्पांकडे बघत नव्हते. जिलेबी आठवत होती. चौथ्या मजल्यावर दार उघडता उघडता आप्पाच म्हणाले, "म्हणजे त्यांनी सुट्टी घेतली नव्हती तर."

"नाही," मी म्हटलं.

"दुसऱ्या कंपनीत जास्त पगार मिळाला," आप्पा म्हणाले. "त्या कामगारच आहेत गं. तुझं तेवढं बरोबर निघालं." आणि ते हॉलमध्ये जाऊन आडवे झाले. माझ्या सगळ्या संशोधनावर त्याहून चांगली टीका पुढे कोणीही केली नाही.

मॅडमना सांगायला गेले तेव्हा त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, कणकेला तूप किती तेही. त्या म्हणाल्या, "मुंग्या कणकेमुळे जातात, की वारामुळे? हे तुला वेगळं काढून दाखवता येईल का?" तेव्हा मला समजलं की ही बाई खरी शास्त्रज्ञ आहे. काकूंचा शेवटचा शनिवार पार पडला, मी स्वतः जिन्यात उभी राहून तो चित्रित केला. लाल पाठीच्या माझ्या मुंग्या तुळशीच्या कुंडीमागे कणकेवर तुटून पडलेल्या दिसल्या. मग मी काकूंना म्हटलं, आता बुधवारी घाला.

"बुधवारी? बुधवारी शनीला काय कळणार?"

"शनीला नाही काकू, मुंग्यांना."

"पर पुण्य?"

"पुण्य मीटिंगमध्येच गेलं ना?"

काकूंनी यावर थोडा विचार केला. "व्हय, ते बी खरंच," म्हणाल्या, आणि बुधवारी कणिक भाजली. बुधवारी आमचा ओटा नऊनंतर ओस पडला. शनिवारी रांग भरलेली. परिषदेत मी तेच मांडलं, काकूंना पहिल्या रांगेत बसवून. समोरच्या परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला, कणिक गव्हाची की नाचणीची. उत्तर काकूंनी दिलं, उभं राहून, कृतीसकट. फाटकाशी वाटलेलं पत्रक मी मागे घेतलं नाही, कारण कंत्राटी कामगारांना सुट्टी अजूनही नाही आणि त्याला शनी जबाबदार नाही. संतोषचं लग्न पुढच्या वैशाखात झालं. तो म्हणतो मोबाईलवर जमलं, काकू म्हणतात मुंग्यांनी जमवलं. आई म्हणते, तिच्या नेलपॉलिशची बाटली भरून कोण देणार?

भिंतीवरच्या टिकल्या पुढे घर रंगवताना काढल्या, पण नवीन रंगाखाली त्यांचे गोल अजून दिसतात. परवा मी घरी गेले तेव्हा त्यांच्यावरूनच एक रांग चालली होती. ती कुठे वळते ते बघायला मी दाराबाहेर गेले, तर ती वर नाही, खाली चालली होती. तिसऱ्या मजल्याकडे. तिथे आता कोणी नवीन लोक आलेत. मी बेल वाजवली, त्यांनी दार उघडलं नाही.

म्हणून हे तुम्हाला. जे वाचताय त्यांना. तुमच्या इमारतीत, तुमच्या खालच्या नाही तर वरच्या मजल्यावर, एखादी पोर बाटलीच्या झाकणांवर ओणवी होऊन काहीतरी मोजत बसलेली आहे आणि तिला समोर दिसतंय ते तिला कळत नाहीये. मुंग्या असतील, कबुतरं असतील, कावळे असतील. तुम्ही त्यांना गुपचूप काही घालत असाल तर गुपचूप घालणं आजपासून बंद करा. घालणं बंद करा असं मी म्हणत नाही. जिन्यात या, तिचं दार वाजवा, कशासाठी घालता ते तुमच्यापाशी ठेवा आणि फक्त एवढं सांगा: तुमचा वार कोणता?